चाल कुणाची? : जुन्या ‘हीरोज’च्या पुरवण्या

गेल्या महिन्यात याच पानावर मी ओघात लिहून गेले की, इचलकरंजीत सुताच्या पेढीवर हिशेब लिहिणारी मी रात्रीची जेवणं उरकली की ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ उघडून बसते. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी मी सुचवलेल्या नव्याकोऱ्या गेमांवर सगळी मिळूनही आलेली नाहीत. वीस तारखेचं जीएसटी रिटर्न जाईपर्यंत एकही उघडलं नाही. एकवीसला चहा घेऊन बसले आणि सगळी एका दमात वाचली. बहुतेकांना पुरवण्यांबद्दलच विचारायचंय. पुरवण्या म्हणजे एक्स्पान्शन पॅक आणि अपडेट. परीक्षेत पुरवणी जोडायचो ना, तसंच हे. मूळ पेपर संपला, पण लिहायचं संपलेलं नाही.

ज्यांनी हा गेम पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगनं तो १९९९ साली काढला. नकाशावर तुमचं एक शहर, एक सरदार, मूठभर फौज. एक चाल म्हणजे एक दिवस. दिवसाला एका शहरात एकच इमारत बांधता येते. सात दिवसांनी आठवडा पालटला की भरतीला नवे सैनिक येतात. सोनं धरून सात तऱ्हेचा माल सांभाळायचा: लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं. हिशेबनिसाला दुसरं काय हवं? दिवसभर दुसऱ्यांच्या वह्या, रात्री आपली.

नागपूरहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी लिहितो : सेलमध्ये या गेमच्या दोन आवृत्त्या दिसतात. एक ‘एचडी एडिशन’, एक ‘कम्प्लीट’. एचडी नवी आहे, चित्रं मस्त आहेत. तीच घेऊ ना?

नको रे बाबा. याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. ‘एचडी’ म्हटल्यावर माणूस तेच घेणार.

एचडी एडिशन युबिसॉफ्टनं जानेवारी २०१५ मध्ये आणली. चित्रं खरोखर नव्यानं घासूनपुसून काढलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण आत आहे ते फक्त १९९९ चा मूळ गेम, ‘रिस्टोरेशन ऑफ इराथिया’. ‘आर्मागेडन्स ब्लेड’ आणि ‘शॅडो ऑफ डेथ’ या दोन्ही पुरवण्या गायब. युबिसॉफ्टनं कारण सांगितलं ते असं की, पुरवण्यांचा वापरण्याजोगा सोर्स कोड हाती राहिलेला नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर ताळेबंदाची छापील प्रत आहे, पण टॅलीचा डेटा उडाला. छापील प्रत वाचता येते, तिच्यातली एक नोंद बदलायची म्हटली की हात टेकावे लागतात.

हे कसं झालं याचा अंदाज करता येतो. न्यू वर्ल्डची मालक कंपनी थ्रीडीओ २००३ साली दिवाळखोरीत गेली. मालमत्तेचा लिलाव झाला, त्यात ‘माइट अँड मॅजिक’चे हक्क युबिसॉफ्टनं १३ लाख डॉलरला उचलले. दिवाळखोरीतलं सामान मी जवळून पाहिलंय. आमच्याकडे एक सायझिंग, म्हणजे सुताला खळ द्यायचा कारखाना, बंद पडली तेव्हा यंत्रं गेली, पाटीसुद्धा गेली. कुठल्या कपाटात कुठली फाइल होती हे सांगणारा माणूस मात्र कुणी विकत घेतला नाही.

तर ‘एचडी’ घेतलीस तर तुला काय मिळणार नाही ते ऐक. नऊवं शहर नाही. जोडून मोठ्या होणाऱ्या वस्तू नाहीत. दर वेळी नवा नकाशा पाडून देणारं यंत्र नाही, कारण ते पहिल्या पुरवणीबरोबर आलं होतं. आणि ज्या चाहत्यांच्या पुरवणीवर आज जगभर सामने होतात ती ‘हॉर्न ऑफ द अबिस’ हिच्यावर चढतच नाही.

‘कम्प्लीट’ घे. मूळ गेम, दोन्ही पुरवण्या, सगळं आत. जुना गेम ८०० बाय ६०० च्या चौकटीत उघडतो, आजच्या पडद्यावर ते फार बेंगरूळ दिसतं. त्यावर उपाय म्हणजे ‘एचडी मॉड’. नावं सारखी वाटतात म्हणून नीट वाच: ‘एचडी एडिशन’ विकत मिळते, ‘एचडी मॉड’ हा एका चाहत्यानं केलेला फेरबदल आहे, फुकट आहे आणि ‘कम्प्लीट’वर चालतो. चित्रं तीच राहतात, पण नकाशा पडदाभर पसरतो. फौज वाटून द्यायला दहा वेळा टिचक्या मारायला लागायच्या, तेही वाचतं.

साताऱ्याहून एक वडील : दोन मुलगे, नऊ आणि तेरा वर्षांचे. लॅपटॉप एकच. ‘कम्प्लीट’ घेतलंय. आता कुठल्या भागापासून सुरुवात करायची? पुरवणी आधी उघडली तर गोष्ट कळेल का?

क्रम आधी सांगते. मूळ गेम, मग ‘आर्मागेडन्स ब्लेड’, मग ‘शॅडो ऑफ डेथ’. हा बाजारात आल्याचा क्रम. गोष्टीचा क्रम वेगळा आहे. ‘शॅडो ऑफ डेथ’ आली २००० साली, सगळ्यात शेवटी, पण तिच्यातली कथा मूळ गेमच्याही आधीची. सँड्रो नावाचा मुडदे उठवणारा मांत्रिक भोळ्याभाबड्या सरदारांना कामाला लावतो आणि त्यांच्याकडून शक्तिशाली वस्तूंचे तुकडे गोळा करून घेतो, अशी ती भानगड. कथेच्या हिशेबानं ती पहिली, म्हणून तिथून सुरुवात करावीशी वाटेल. करू नका. ती मुरलेल्या खेळाडूंसाठी लिहिलेली आहे, मुलं तिसऱ्याच नकाशावर रडकुंडीला येतील.

त्या काळी खोका विकत घेताना एक गंमत होती. पहिली पुरवणी मूळ गेम असल्याशिवाय चालायची नाही, दुसरी मात्र एकटी चालायची. माझ्याकडे दुसरीच आधी आली. आमच्या बाजारात रस्त्यावर सीडी मिळायच्या, तिथून घेतलेली. तिसरी मोहीम, म्हणजे गोष्ट सांगणारी नकाशांची मालिका, अर्ध्यावर आली की गेम बंद पडायचा. मी दोन वर्षं समजत होते की गोष्ट तिथेच संपते.

पण खरं सांगू का, मुलांना मोहिमा देऊच नका. ‘हॉट सीट’ द्या. एकाच यंत्रावर आठ जणांपर्यंत खेळता येतं. ज्याची चाल तो खुर्चीत, बाकीचे बाहेर.

२००२ च्या मे महिन्यात कोल्हापूरला मामाकडे आम्ही तिघं असेच खेळत होतो. मामेभाऊ, त्याची धाकटी बहीण आणि मी. मी तेव्हा कॉलेजात, धाकटी पाचवीत. नियम साधा होता: चाल संपली की खोलीबाहेर. पडद्यावर पुढच्याचं नाव येतं, तो बसतो, ओके दाबतो, मगच त्याचा नकाशा उघडतो. तरी धाकटी रोज जिंकायला लागली. माझा सरदार जिथे लपवावा तिथे तिची फौज हजर. चार दिवसांनी कळलं. संगणकाच्या समोर मामीचं शोकेस होतं, आत काचेचे ग्लास आणि एक ताजमहाल. दाराबाहेर पायपुसण्यावर उभं राहिलं की शोकेसच्या काचेत अख्खा नकाशा उलटा दिसायचा. नकाशा उलटा वाचून ही मुलगी आम्हाला धुत होती. त्यानंतर शोकेसवर मामीची इरकल साडी पांघरली गेली, आणि दुपारी झोपून उठलेल्या मामीनं आम्हा तिघांनाही धुतलं.

मुलांना मूळ गेममधली शहरं द्या, आठ आहेत. नऊवं त्यांना कळलं नाही तरी चालेल. का ते पुढच्या उत्तरात येतंय. पातळी ‘इझी’ ठेवा. पाच पातळ्या आहेत, सगळ्यात वरच्या पातळीचं नाव ‘इम्पॉसिबल’ आहे आणि ते नाव उगाच ठेवलेलं नाही. नऊ वर्षांच्याला सांगाडे, झोंबी दिसतील, पण रक्ताचा चिखल वगैरे काही नाही. दशावतारात याहून भीतीदायक सोंगं असतात.

एक मात्र करा. थोरल्याला पहिल्याच दिवशी सांगा की रोज इमारत बांधलीच पाहिजे. ग्रामसभेचं घर दिवसाला ५०० सोनं देतं, टाउन हॉल १०००, सिटी हॉल २०००, कॅपिटॉल ४०००. मुलांना राक्षस विकत घ्यायचे असतात, पण कॅपिटॉल जितकं लवकर उभं राहील तितके पुढे राक्षस परवडतात. खर्च आणि भांडवल यातला फरक मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला कळला नव्हता, तो इथे कळला.

पुण्याहून, आयटीतला : आम्ही चौघं दर शनिवारी खेळतो. एक मित्र दर वेळी ‘कॉनफ्लक्स’ शहर घेतो आणि जिंकतो. हे चीटिंग नाही का? कंपनीनं असं शहर दिलंच कसं?

चीटिंग नाही. पण तुमचा राग बरोबर आहे, आणि आकड्यांत मांडता येतो.

कॉनफ्लक्स म्हणजे ‘आर्मागेडन्स ब्लेड’नं दिलेलं नऊवं शहर, महाभूतांचं. त्याच्या सगळ्यात वरच्या पायरीला आहे फिनिक्स. कासल शहराच्या वरच्या पायरीला आर्चेंजल, म्हणजे देवदूत. आता भाव बघा. आर्चेंजल एकाला ५००० सोनं आणि ३ रत्नं. फिनिक्स एकाला २००० सोनं आणि १ पारा. आर्चेंजलचा जीव २५०, फिनिक्सचा २००. आर्चेंजल जास्त मारतो, कबूल. पण वेग? आर्चेंजल १८, फिनिक्स २१. मूळ गेममध्ये आणि दोन्ही पुरवण्यांत २१ वेग दुसऱ्या कुणालाच नाही, म्हणजे लढाईत पहिला वार जवळजवळ नेहमी त्याचा. आणि मुख्य मुद्दा पुढे आहे. देवदूत आठवड्याला एक वाढतो, फिनिक्सचं घरटं आठवड्याला दोन देतं. शहराला पूर्ण तटबंदी केली की दोघांचीही वाढ दुप्पट होते: इकडे दोन, तिकडे चार. शिवाय फिनिक्स मेला तर त्यातले काही लढाईतच राखेतून परत उठतात.

आमच्या पेढीवर कुणी सूत निम्म्याहून कमी भावात दिलं, वर दुप्पट पुरवठा करीन म्हणाला, तर शेठ आधी विचारतील, माल कुठला आहे. इथेही तेच विचारायचं.

माल असा आला. ‘आर्मागेडन्स ब्लेड’मध्ये आधी दुसरंच शहर यायचं होतं. त्याचं नाव ‘फोर्ज’. यंत्रं, बंदुका, धातूचे मुडदे. ‘माइट अँड मॅजिक’ मालिकेत जादूच्या जगामागे फार जुनं विज्ञानयुग दडलेलं आहे, त्या धाग्यानं ते शहर बेतलेलं होतं. ‘माइट अँड मॅजिक ७’च्या दोन शेवटांपैकी वाईट शेवटाशी ते जोडलेलं होतं. पण चित्रं बाहेर आली आणि चाहते उसळले. परी आणि ड्रॅगनच्या शेजारी बंदूकवाले नकोत म्हणाले. विरोध इतका झाला की कंपनीनं फोर्ज रद्द केलं. पुरवणी तर काढायचीच होती. मूळ गेममध्ये चार महाभूतं आधीच होती, कुठल्याच शहराची नसलेली, रानात हिंडणारी. त्यांना घर बांधून दिलं, वर-खाली काही प्राणी जोडले, आणि १९९९ संपायच्या आत कॉनफ्लक्स दुकानात.

मला विचाराल तर फोर्ज आलं असतं तरी जग बुडालं नसतं. पण घाईत बसवलेलं शहर असं दिसतं, हे कॉनफ्लक्सकडे बघून कळतं. त्याच्या जादूच्या विद्यापीठात २००० सोनं टाकून कुठल्याही सरदाराला चारपैकी हवी ती जादू शिकवता येते. बाकीची शहरं ती विद्या मिळावी म्हणून नशिबावर बसून असतात.

तोडगा: मित्राशी भांडू नका. ऑनलाइन खेळणारेसुद्धा अनेकदा कॉनफ्लक्स वगळूनच बसतात. शनिवारी चिठ्ठ्या टाका, त्यात आठच चिठ्ठ्या टाका.

रत्नागिरीहून, बँकेतून निवृत्त झालेले वाचक : मी वीस वर्षं ‘नेक्रोपोलिस’ घेऊनच खेळतो. मुलानं ‘हॉर्न ऑफ द अबिस’ टाकून दिलं आणि माझे सांगाडे कमी झाले! जुना खेळ जसा आहे तसा का ठेवत नाहीत? दुरुस्ती कुणी मागितली होती?

काका, मागितली होती. तुमच्याविरुद्ध खेळणाऱ्या सगळ्यांनी.

बाकीच्या वाचकांना सांगते. नेक्रोपोलिस हे मृतांचं शहर. त्याचा सरदार लढाई जिंकला की पडलेल्या शत्रूतून काही सांगाडे उठून त्याच्या फौजेत येतात. फुकट. या विद्येच्या तीन पायऱ्या. जुन्या गेममध्ये पहिल्या पायरीला १० टक्के, दुसरीला २०, तिसरीला ३०. ‘हॉर्न ऑफ द अबिस’मध्ये तेच ५, १० आणि १५. शंभर भालेकरी मारले तर पूर्वी तीस सांगाडे मिळायचे, आता पंधरा. तुमचे सांगाडे बरोबर निम्मे झालेत, तुमची मोजणी चुकलेली नाही.

तुम्ही बँकेत होता, चक्रवाढीचं गणित मी तुम्हाला काय शिकवणार. लढाई झाली की इतरांची फौज घटते आणि तुमची वाढते. वाढलेली फौज पुढची लढाई कमी नुकसानीत जिंकते, त्यातून आणखी सांगाडे. दुसऱ्या महिन्यापर्यंत तुमच्याकडे हजारभर सांगाडे आणि समोरच्याकडे पुन्हा भरतीची वाट बघणारे चार घोडेस्वार. त्यात ‘शॅडो ऑफ डेथ’नं तुमच्या हातात आणखी कोलीत दिलं. ताईत, टोपी आणि बूट असे तीन तुकडे जमवले की मृतराजाचा झगा तयार होतो आणि पट्टीचा सरदार असला की सांगाड्यांच्या जागी लिच, म्हणजे मेलेले मांत्रिक, उठायला लागतात. लिच लांबून मारा करतो! मी एकदा असा झगा मामेभावाच्या अंगावर पाहिला आणि सरळ चहा करायला उठले.

मला या पुरवणीतली सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट तीच आहे जी तुम्हाला खुपली. नवं शहर कुणीही देईल. पुरवणी विकायची म्हटल्यावर खोक्यावर ‘नवीन’ हा शब्द लागतोच, म्हणून दर कंपनी भर घालते. कमी करायला कुणी पैसे देत नाही. मागे २००१ मध्ये ‘इन द वेक ऑफ गॉड्स’ नावाची चाहत्यांची पुरवणी आली होती. तिनं काय नाही दिलं? फौजेबरोबर फिरणारे सेनापती, आठव्या पायरीचे प्राणी, चालू-बंद करायच्या खटक्यांची भली मोठी यादी. मी वर्षभर खेळले. हौस भरपूर फिटली, पण आमची निम्मी संध्याकाळ कुठला खटका चालू ठेवायचा या वादात जायची. घरात पाहुणे वाढले म्हणून स्वयंपाक चांगला होत नाही, तसं ते.

‘हॉर्न ऑफ द अबिस’वाल्यांची रीत उलटी आहे. २०११ च्या अखेरीस पहिलं शहर दिलं, ‘कोव्ह’, समुद्री चाच्यांचं, तोफेसकट. दुसरं शहर ‘फॅक्टरी’ द्यायला त्यांनी २०२३ ची अखेर उजाडू दिली. मधली बारा वर्षं नुसते दुरुस्त्या करत होते म्हटलं तरी चालेल. मुडद्यांची विद्या निम्मी केली. रानातल्या फौजा गोड बोलून फुकट सामील करून घेण्याची कला होती, तिलाही लगाम घातला. नकाशे पाडणाऱ्या यंत्राला आराखडे शिकवले, म्हणजे दोन्ही खेळाडूंना सारखी जमीन मिळते. दोघांनी एकाच वेळी चाल खेळायची सोय केली, म्हणजे सुरुवातीचे आठवडे ताटकळायला नको. यातलं बरंचसं असं आहे की दिसतच नाही. खेळ फक्त अटीतटीचा होतो आणि का झाला ते कळत नाही. आणि गंमत बघा, ‘फॅक्टरी’त यंत्रं आहेत, बंदुका आहेत. १९९९ ला ज्यावरून रण माजलं ते २०२३ ला लोकांनी टाळ्या वाजवून घरात घेतलं. नीट बेतून आणलं, बाकी काही नाही.

तरी काका, तुमचा जुना गेम कुणी नेलेला नाही. ‘हॉर्न ऑफ द अबिस’ स्वतःच्या वेगळ्या चिन्हावरून उघडते. शेजारचं जुनं चिन्ह दाबा, तुमचे तीस टक्के तिथे शाबूत आहेत. मुलाबरोबर खेळताना नवं, एकट्यानं जुनं. मुलगा जुन्यावर खेळायला तयार नसेल तर त्याला दोष देऊ नका, तो तुमच्याच हाताखाली हरून शिकलाय.

पोलंडमधल्या व्रोत्सवाफहून, शिकायला गेलेली वाचक : माझ्या रूममेटचे वडील पन्नाशीचे आहेत आणि अजून हा गेम खेळतात. इथे जो तो खेळतो. भारतात मला हा माहीतसुद्धा नव्हता. इथेच एवढं वेड का?

पोलंड आणि रशियात हा गेम जवळजवळ घरातला माणूस आहे. ‘हॉर्न ऑफ द अबिस’ करणारी मंडळी मुख्यतः रशियन बोलणारी. पाचवा ‘हीरोज’ २००६ साली आला तोही निवाल या रशियन स्टुडिओनंच केला होता. तिसऱ्या भागावरून पटावर मांडून खेळायचा खेळ निघाला, त्यासाठी २०२२ मध्ये लोकांकडून वर्गणी उभी केली ती आर्कॉन स्टुडिओनं, तो तुमच्या पोलंडचा. गेमचं संगीत पॉल रोमेरो आणि रॉब किंग यांचं. ते वाद्यवृंदात बसून वाजवणारी मंडळी पोलंडमध्ये आहेत, जमलं तर तिकीट काढ आणि मला कळव.

वेड का, याचं माझं उत्तर शोकेसच्या काचेत आहे. एक संगणक, माणसं चार आणि इंटरनेट नाही, अशा घरात एकाच यंत्रावर सगळ्यांना खेळवणारा गेम राज्य करतो. ते दिवस तिथेही होते, इथेही होते. आपल्याकडे त्याच वेळी मुलं सायबर कॅफेत ताशी पैसे मोजून बंदुकीचे गेम खेळत होती. ताशी पैसे मोजताना एका चालीवर दहा मिनिटं विचार कोण करणार?

रूममेटच्या वडिलांबरोबर बसलीस तर पहिल्या दिवशी कासल घे, ते सोपं आहे. आणि तू विचार करत असताना ते खिडकीबाहेर बघत बसले तर त्यांना कंटाळा आलाय असं समजू नकोस.

मेलबर्नहून : माझ्याकडे मॅक आहे. काही उपाय?

आहे. ‘व्हीसीएमआय’ नावाचं, गेम चालवणारं इंजिन चाहत्यांनी शून्यापासून लिहिलंय, मुक्त आहे, फुकट आहे. मॅक, लिनक्स, अँड्रॉइड फोन, सगळीकडे चालतं. मात्र मूळ गेमच्या फायली लागतात, म्हणजे ‘कम्प्लीट’ विकत घ्यावंच लागेल. ‘हॉर्न ऑफ द अबिस’ त्यावर जशीच्या तशी चालत नाही. फोनवर मी आठवडाभर खेळून पाहिलं. बोट जाड आहे आणि चौकोन बारीक. एका रात्री चुकून माझा मुख्य सरदार ड्रॅगनच्या गुहेत गेला, तेव्हापासून लॅपटॉपच.

नाशिकहून : नवं अपडेट टाकलं की जुने सेव्ह केलेले डाव जातात का? दीड महिन्याचा डाव अर्ध्यात आहे.

चालू डाव संपवा, मग अपडेट टाका. दोन आवृत्त्यांत नियम बदललेले असतात, जुना डाव नव्यात उघडेल या भरवशावर राहू नका. आणि एका आवृत्तीत केलेला नकाशा तिच्याहून जुनीत उघडत नाही, हे आधीपासूनचं आहे. ‘शॅडो ऑफ डेथ’चा नकाशा मूळ गेमला कळतच नाही.

पण डाव अपडेटनं जातो त्याहून जास्त वेळा आपल्या हातानं जातो. या गेमचे सेव्ह गेमच्याच फोल्डरमध्ये, ‘गेम्स’ नावाच्या उपफोल्डरमध्ये पडलेले असतात. हे मला माहीत नव्हतं. ‘वेक ऑफ गॉड्स’ आणि साधा गेम मी एकाच फोल्डरमध्ये चढवून ठेवले होते, दोन्ही एकमेकांच्या पायात यायला लागले. एका रविवारी वैतागून सगळा फोल्डर उडवला आणि नव्यानं टाकला. स्वच्छ, सुंदर चालला. रात्री मामेभावाचा फोन: सुट्टीला येतोय, आपला डाव काढून ठेव. तो डाव आम्ही चौदा महिने खेळत होतो. तो आला की तीन-चार चाली, मग पुन्हा सहा महिने खंड. त्याचा सरदार माझ्या राजधानीपासून दोन दिवसांवर होता आणि माझा विजय नक्की होता, हे मी आजही सांगते आणि तो आजही हसतो.

तेव्हा आज रात्री एवढं करा: ‘गेम्स’ आणि ‘मॅप्स’ हे दोन फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. दर पुरवणीला वेगळा फोल्डर द्या, जागा काही फार लागत नाही. आणि सेव्हच्या नावात तारीख घाला. माझ्याकडे ‘शेवटचा’, ‘शेवटचा२’ आणि ‘खराशेवटचा’ असे तीन डाव आहेत, कुठल्यात काय आहे देव जाणे.